फाल्गुनातील फुलपाखरे

महाराष्ट्रात फुलपाखरांचा म्हणून जो काळ सर्वमान्य आहे, तो श्रावणाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंतचा. आणि ज्याला केवळ संख्येचे व रंगांचे कौतुक आहे, त्याने याच दिवसांत रानात जावे, हे निर्विवाद आहे. त्या वेळी तेरड्याने आणि सोनकीने भरलेल्या उतारांवर पाऊल टाकावे तिथून चार-सहा पाखरे उठतात, आणि घरी परतताना मनात रंगांची एक धूसर गर्दी तेवढी शिल्लक राहते. परंतु ज्याला फुलपाखरू नुसते पाहायचे नसून त्याचा प्रपंच समजून घ्यायचा आहे, ते कोठून आले, कोठे निघाले आहे, अमुक एका झुडपापाशीच ते का घुटमळते आणि शेजारच्या तितक्याच हिरव्या झुडपाला का टाळते, या प्रश्नांनी ज्याची पाठ धरली आहे, त्याने आश्विनाची वाट न पाहता फाल्गुन-चैत्रातच घराबाहेर पडावे, असे माझे मत अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर झाले आहे, आणि ते बदलण्याचे कारण मला अद्याप दिसलेले नाही.

आमच्या काव्यपरंपरेने वसंताला भ्रमर दिले, कोकिळ दिला, आम्रमंजिरी आणि मलयानिल दिला; फुलपाखराकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेल्याचे दिसत नाही. ही उपेक्षा मला पूर्वी अन्यायाची वाटे. पुढे तिचे कारण उमगले. सह्याद्रीच्या पानझडी उतारांवर फाल्गुनात जे काही घडते, ते फुलपाखरांपुरते तरी फुलांचे कमी आणि पालवीचे अधिक असते. पळस, पांगारा आणि सावर यांच्या लालभडक फुलांवर पक्ष्यांची झुंबड उडते; फुलपाखरांपैकी निदान माद्यांना तरी त्या दिवसांत फुलाहून पान अधिक मोलाचे असते. पायांखाली वाळल्या पानांचा खच पडलेला, गवत करपून पिवळे झालेले, ओढ्यांची डबकी उरलेली, आणि अशा त्या उजाड भासणाऱ्या रानात एखाद्या कुसुंबाला तांबडीलाल पालवी फुटलेली, माकडलिंबाच्या काटेरी जाळीतून चार कोवळे, तकतकीत शेंडे वर आलेले: हाच तो देखावा, ज्यासाठी फुलपाखरांचा अभ्यासक उन्हाची तमा न बाळगता हिंडतो. रान मोकळे असते, नजर दूरवर पोचते, पाखरे थोडी असतात. आणि थोडी असतात म्हणूनच प्रत्येकाचा व्यवहार अथपासून इतिपर्यंत पाहता येतो.

माकडलिंबाच्या अशा एका जाळीपाशी सावलीला बसून राहावे. सकाळचे नऊ-दहा वाजले की काळ्या मखमलीवर निळसर राखाडी पट्टे ल्यालेले एक थोरले फुलपाखरू संथपणे येते. हे नीलवंत, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली याला राज्य-फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान एखाद्या फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. आलेले पाखरू नर असेल तर ते जाळीवरून मिजाशीत निघून जाते. मादी असेल तर तिच्या उडण्याची रीतच पालटते. ती थबकते, खाली उतरते, एका पानावर क्षणभर टेकते न टेकते तोच उठते, दुसऱ्यावर टेकते, पुन्हा उठते. दुरून पाहणाऱ्याला हा निव्वळ चंचलपणा वाटेल, आणि फुलपाखरांच्या चंचलतेवर आमच्या शालेय निबंधांतून जी विधाने वर्षानुवर्षे होत आली आहेत, त्यांचा उगम बहुधा अशाच दुरून पाहण्यात असावा. जवळून पाहिले तर ध्यानात येते की, प्रत्येक वेळी टेकताना ती पुढच्या पायांनी पानावर भराभर आघात करीत असते. तिच्या पायांच्या टोकांना चव कळते. पान कोणत्या कुळाचे आहे याची शहानिशा ती पायांनी करते, आणि खात्री पटल्यावाचून एकही अंडे खर्ची घालत नाही. एकदा पान पसंत पडले की पंखांची फडफड चालू ठेवूनच ती पोटाचे टोक वाकवते, कोवळ्या पानाला एकच वाटोळे, फिकट अंडे चिकटवते आणि निघून जाते. दुसरे अंडे दुसऱ्या पानावर, बहुधा दुसऱ्या झाडावर. अंड्यातून बाहेर पडणारे सुरवंट सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसते, पुढे हिरवे होते, आणि कुणी डिवचलेच तर मानेमागून लाल रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून असा उग्र दर्प सोडते की डिवचणाऱ्याने हात मागे घ्यावा.

कोवळ्या पानाचा हा हट्ट निष्कारण नाही. अंड्यातून नुकत्या निघालेल्या सुरवंटाचे जबडे जून, चिवट पानापुढे चालत नाहीत. तेव्हा मादीच्या फेऱ्या झाडाला पालवी केव्हा फुटते यावर अवलंबून असतात. बहाव्याला कोवळी पाने फुटू लागली की भटक्या नावाची ती फिकट पिवळसर पाखरे त्याच्याभोवती घिरट्या घालू लागतात आणि कोवळ्या पर्णिकांवर उभी, निमुळती अंडी घालतात. रस्त्याने जाणारे लोक झाडाच्या पिवळ्या झुंबरांकडे माना वर करून पाहतात आणि त्याच झाडावर पानोपानी चाललेला हा उद्योग कुणाच्या खिजगणतीतही नसतो. बहाव्याच्या फुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांची स्तुती आता पुरे झाली, असे मात्र वाटते.

नरांची कथा निराळी. त्यांना पानाशी कर्तव्य नसते. चैत्रात त्यांना पाहायचे तर ओढ्यात उतरावे लागते. आंबोलीच्या घाटात काय किंवा फणसाडच्या रानात काय, ओढा आटून जिथे पांढरी वाळू उघडी पडलेली असते आणि एखाद्या खडकाच्या पायथ्याशी हातभर ओल तेवढी शिल्लक असते, तिथे दुपारी अकराच्या सुमारास गुडघे टेकून बसण्याची तयारी असली पाहिजे. ‘ब्लूबॉटल’ या नावाने ओळखली जाणारी, काळ्या पंखांतून निळ्या-हिरव्या काचेसारखी पट्टी गेलेली पाखरे तिथे पंख मिटून, एकमेकांना खेटून, बहुतेक सगळी एकाच दिशेला तोंडे करून बसलेली असतात. त्यांच्यात मधूनच लांब टोकदार शेपट्यांची ‘स्पॉट सोर्डटेल’ येऊन बसतात, जी पावसाळ्यापूर्वीच्या या तापत्या महिन्यांतच विशेषेकरून दिसतात. सगळ्यांच्या सोंडा ओल्या वाळूत रुतलेल्या असतात. आणखी थोडे पुढे वाकले, सावली त्यांच्यावर पडू दिली नाही, श्वास जपून घेतला, तर एक गोष्ट दिसते: दर थोड्या वेळाने पोटाच्या टोकातून पाण्याचा स्वच्छ थेंब बाहेर पडतो. एकीकडून पाणी आत घ्यायचे, दुसरीकडून टाकून द्यायचे, आणि मधल्या मध्ये त्यात विरघळलेला क्षार तेवढा राखून ठेवायचा, असा हा अखंड कारभार तासन्‌तास चालतो. मराठी अभ्यासक याला चिखलपान म्हणतात. पानांत सोडियमचा अंश फार थोडा असतो; सुरवंटाच्या जन्मी जे मिळाले नाही ते नर अशा रीतीने ओल्या मातीतून, गुरांच्या मुताने भिजलेल्या जागेतून, प्रसंगी माणसाच्या घामेजलेल्या मनगटावरूनही गोळा करतो, आणि त्यातला काही भाग मीलनाच्या वेळी मादीच्या स्वाधीन करतो; तिथून तो अंड्यांत उतरतो. ओढ्यातल्या त्या जमावात बहुतांशी नरच का असतात, याचा उलगडा यात आहे. नर केवळ डौलात मिरवतो आणि मादी एकटीच कष्टते, असा जो समज नीलवंताच्या वर्णनावरून कुणाचा झाला असेल, तो या ओढ्यात दुरुस्त व्हावा.

वसंतातले तिसरे आकर्षण असे की ते जवळजवळ दिसतच नाही. याच दिवसांत वाळक्या पानांवरून चालताना एखादे पान अचानक उडते, चार हात पुढे जाऊन खाली बसते आणि पुन्हा पान होते. ‘पीकॉक पॅन्सी’ नावाचे नारिंगी रंगाचे फुलपाखरू आहे. त्याच्या पंखांवर मोराच्या पिसाऱ्यातल्यासारखे मोठे डोळे असतात. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीत पंखांच्या खालच्या बाजूलाही असेच डोळे असतात आणि पंखांच्या कडा गोलसर असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीत खालचे डोळे पुसट होऊन नाहीसे होतात, कडांना कोन येतात, आणि मिटलेल्या पंखावर मधून एक रेघ अशी उमटते की ती वाळल्या पानाची मधली शीरच वाटावी. एकाच आईबापांच्या वंशात केवळ ऋतुमानाने इतका पालट पडावा, हे कोणाला सहजासहजी पटणारे नव्हते. स्वतः लिनियसने १७५८ साली या दोन रूपांना दोन निराळ्या जाती मानून दोन निराळी नावे दिली. जुन्या संग्राहकांच्या पेट्यांत अशी कितीतरी भावंडे परक्यासारखी वेगवेगळ्या कप्प्यांत टोचलेली होती. हा घोळ निस्तरला तो अधिक फुलपाखरे मारून नव्हे. कलकत्त्यात लायोनेल द निसेव्हिल या अभ्यासकाने १८८० नंतरच्या दशकात अशाच ऋतुरूपे पालटणाऱ्या एका कुळातल्या तपकिरी फुलपाखरांची अंडी मिळवून, सुरवंट पाळून, एका रूपाच्या आईपोटी दुसऱ्या रूपाची संतती निपजते की नाही हे प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग धरला, आणि प्रश्नाचा निकाल त्या मार्गाने लागला.

येथे संग्रहाविषयी बोलणे ओघानेच आले. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी फुलपाखरांचा नाद लागताना प्रथम जाळे हाती घेतले. मलमलीची लांब पिशवी, वेताचे कडे, त्रिकोणी घडीच्या कागदी पुड्या, बुचाच्या फळ्या, बारीक टाचण्या, डांबराच्या गोळ्या, आणि ज्यांना मिळे त्यांच्यापाशी सायनाइडची बरणी. ज्यांना ती मिळत नसे ते पाखराची छाती दोन बोटांत अलगद दाबत. हे सगळे सांगताना शहारे आल्याचे नाटक करण्याची मला गरज वाटत नाही. आज भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आपण नावानिशी ओळखतो, त्या ओळखीचा पाया याच पेट्यांनी घातलेला आहे. ब्रिगेडियर इव्हान्स यांचा १९२७ सालचा जाती ओळखण्याचा ग्रंथ काय किंवा राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लाइथ यांचा १९५७ सालचा ग्रंथ काय, हातात नमुना धरल्यावाचून लिहिला जाणे शक्य नव्हते. तथापि हे कबूल करून एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. पेटीतले फुलपाखरू कितीही देखणे असो, त्याच्याखाली टोचलेली बोटभर चिठ्ठी, जिच्यावर गावाचे नाव, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव असते, ती हरवली की ते फुलपाखरू बेवारस झाले. रंग उडालेला, एक पंख तुटलेला नमुना चिठ्ठीसह असेल तर तो दस्तऐवज. सर्वांगसुंदर नमुना चिठ्ठीवाचून असेल तर ती केवळ शोभेची वस्तू, आणि पावसाळ्यातली बुरशी तिचीही फार काळ गय करीत नाही. संग्रहाचे खरे मोल चिठ्ठीत आहे, ही गोष्ट ज्याला पटली त्याला पाखराला मारण्याची निकड आपोआप कमी भासू लागते. कारण चिठ्ठी तर पाखरू जिवंत सोडूनही लिहिता येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक जातींना अभय दिले आहे आणि अभयारण्यांतून परवान्यावाचून काहीच उचलता येत नाही. तेव्हा हौशी माणसाने जाळे माळ्यावर ठेवून वही घ्यावी, यात कायदा आणि अक्कल या दोहोंचे एकमत आहे.

वहीचा हा मार्ग नवा नाही, आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीच, कारवारात लिहिला गेला आहे. उत्तर कानडा जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन ब्रिटिश अंमलदार एकत्र आले: मुलकी खात्याचे डेव्हिडसन, जंगल खात्याचे बेल, आणि मीठ व जकात खात्याचे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, जे ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहीत. एटकिन यांचा जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. काही वर्षे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होते. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांत ते होते, आणि त्याच आठांत दोन मराठी डॉक्टरही होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार सखाराम अर्जुन. या तीन अंमलदारांनी सरकारी दौऱ्यांच्या आणि कचेरीच्या कामांतून सवड काढून पाखरांच्या मागे धावण्यापेक्षा पानांवरचे सुरवंट हुडकले, ते घरी आणून वाढवले, कोणते सुरवंट कोणत्या झाडाचे पान खाते, कोश कसा बांधते, किती दिवसांनी पाखरू बाहेर पडते, याचा तपशील लिहून ठेवला, आणि उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरचा त्यांचा लेख १८९६-९७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. त्या लेखनाने सह्याद्रीच्या फुलपाखरांना प्रथमच बालपण मिळाले. तोवर ती जणू प्रौढपणीच जन्मत होती. बेल तर निवृत्तीनंतरही मायदेशी परतले नाहीत. १९४८ साली मृत्यू येईपर्यंत ते कारवारातच राहिले. परक्या राज्यकर्त्यांच्या नावे बोटे मोडावीत अशा गोष्टी पुष्कळ आहेत; परंतु मिठाच्या आणि जकातीच्या हिशेबांतून उठून पानामागचे अंडे शोधणारा माणूस मला आपला वाटतो, याला इलाज नाही.

या रीतीने पाहण्याची सवय लागली की दूर रानात जाण्याचीही आवश्यकता उरत नाही. कोकणातल्या कोणत्याही आंब्याच्या बागेत शिरावे आणि डोळ्यांच्या उंचीवरची पाने सावकाश न्याहाळावी. एखाद्या रुंद, जून पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना काही धूसरसे दिसते, पण ते पानाहून वेगळे आहे असे मन मानायला तयार होत नाही. ते ‘बॅरन’ नावाच्या फुलपाखराचे सुरवंट असते. हिरवे अंग पानाशी चपटे लावून ते नेमके मधल्या शिरेवर आडवे झालेले असते. त्याच्या पाठीवरून एक फिकट रेघ जाते ती पुढे-मागे त्या शिरेत मिळून जाते, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बारीक फाटे फुटलेले काटे पानावर असे पसरतात की सुरवंटाची कड कोठे संपते आणि सावली कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. बोटाने स्पर्श करावा तेव्हाच पानाचा एक भाग किंचित आक्रसतो. पिढ्यान्‌पिढ्या आंब्याच्या व्यवसायात असलेली माणसे मी या पानासमोर उभी केली आहेत, आणि त्यांना ते दाखवून द्यावे लागले आहे.

त्याच आंब्यावर, वरच्या फांद्यांत, बांडगूळ असते. बागाइतदार त्याचा शत्रू आहे आणि त्याचा राग समर्थनीय आहे. बांडगूळ फांदीतला रस ओढते, फांदी वाळवते, आणि फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याचे चिकट बी एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन शत्रूची वसाहत वाढवीत राहतो. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या फुलपाखरांपैकी एक, पिवळ्या पंखांच्या कडेला तांबडे ठिपके ल्यालेले हळदी-कुंकू, याच बांडगुळावर वाढते. त्याची मादी नीलवंतासारखी एकेक अंडे विखरून ठेवीत नाही. ती पानावर अंड्यांच्या ओळी मांडते, आणि त्यांतून निघालेली सुरवंटे लहानपणी कळपाने राहतात, कळपाने खातात, आणि धक्का लागला तर रेशमाच्या तारांवर लोंबकळत खाली उतरतात. रत्नागिरीकडच्या एका बागेत फांदी छाटायला निघालेल्या माझ्या मामांना मी, “मामा, एवढा एक झुबका राहू द्या,” असे विनवले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, ह्या बांडगुळानं आमचा आंबा खाल्लान, नि तू म्हणतोस राहू दे!” त्यांचे म्हणणे बागेच्या हिशेबाने बरोबरच होते. पण तो झुबका त्यांनी ठेवला, आणि खाली येऊन विचारले की यातून बाहेर काय पडणार.

ज्यांच्या परसात आंबा आहे त्यांना एवढीच विनंती, की बांडगुळावर कोयता चालवण्यापूर्वी त्याची दहा-वीस पाने उलटून पाहावीत. अंड्यांच्या पिवळ्या ओळी किंवा सुरवंटांचा कळप दिसला तर तेवढा झुबका कोश होऊन पाखरे उडेपर्यंत राहू द्यावा. बाकीचे बांडगूळ खुशाल तोडावे. आणि वहीत तारीख, गावाचे नाव व झाडाचे नाव लिहायला विसरू नये.